सव्विसावा मजला

"मॅडम, गुलाबी झालं म्हणजे चांगलं की वाईट?"

सोसायटी बदलते, सेक्रेटरी बदलतात, प्रश्न तोच येतो. जिन्याखालचा कॉलम फोडून आतलं ताजं काँक्रीट उघडं केलेलं असतं, माझ्या हातात फवाऱ्याची छोटी बाटली असते आणि भोवती लुंगीपासून सफारीपर्यंत सगळ्या वेशांतली कमिटी जमलेली असते. बाटलीत फिनॉल्फ्थॅलिन. शाळेच्या प्रयोगशाळेत बेसमध्ये थेंब टाकला की गुलाबी व्हायचं, तेच. नव्या काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर असते आणि त्या अल्कलीत सळई सुखरूप राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि अल्कली खात जातो. फवारा मारला की जिथं काँक्रीट अजून जिवंत आहे तिथं ते जास्वंदीच्या पाण्यासारखं लालगुलाबी होतं. जिथं गेलं आहे तिथं रंग चढत नाही, नुसतं ओलं दिसतं.

"चांगलं," मी सांगते. सगळ्यांचे चेहरे सैल होतात. त्यामुळे पुढचं वाक्य मी जरा थांबून बोलते: मुंबईत हवेत मीठ आहे, आणि मीठ गुलाबी काँक्रीटमधूनही सळईपर्यंत पोचतं. एवढं बोलले की चहा येतो. पुढचं कुणाला फारसं ऐकायचं नसतं.

एकतीस वर्षं मी जुन्या इमारती ठोकून बघते आहे. अक्षरशः ठोकून. यंत्रं पुष्कळ आली, अल्ट्रासॉनिक आलं, रिबाउंड हॅमर आला, पण पहिल्या दिवशी साधी हातोडी घेऊन फिरण्यावर माझा जास्त विश्वास आहे. चांगलं काँक्रीट टणक वाजतं. सुटलेलं काँक्रीट फुटक्या माठासारखं वाजतं. अनुभवी मुकादमाला डोळे मिटूनही कळतं. शेवटी मी रिपोर्ट लिहिते आणि रिपोर्टात एक अक्षर आणि एक आकडा येतो. सी-1 म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-2 म्हणजे मोठी दुरुस्ती. त्यातही रिकामी करून करायची की माणसं आत ठेवून, यासाठी ए आणि बी. सी-3 म्हणजे किरकोळ. मुंबईत इमारतीला 30 वर्षं झाली की कायद्यानं हे ऑडिट करावं लागतं. माणसाच्या साठीसारखंच, नोटीस येते.

हे सगळं सांगण्याचं कारण मिलान.

भाची तिथल्या पॉलिटेक्निकोमध्ये शिकायला आहे. आजकाल पुण्या-मुंबईची बरीच मुलं असतात तिकडे. तिच्या घरात तिघी राहतात, तिघी मराठी, आणि फ्रीजमध्ये मोझरेलाच्या शेजारी चितळ्यांची बाकरवडी. दोन वर्षांपूर्वी मी दहा दिवस तिच्याकडे गेले होते. पहिल्याच सकाळी मी सेंट्रल स्टेशनच्या समोरच्या चौकात जाऊन उभी राहिले आणि मान वर करून मजले मोजायला लागले.

"मावशी, लोक दुओमो कॅथेड्रल बघायला येतात. तू सरकारी ऑफिस बघतेयस."

"थांब गं, चुकलं माझं. सतरा, अठरा..."

ती इमारत म्हणजे पिरेल्ली टॉवर. टायरवाली पिरेल्ली. मिलानचे लोक तिला 'पिरेल्लोने' म्हणतात, म्हणजे मोठा पिरेल्ली, थोरला पिरेल्ली असंच काहीसं. कंपनीची पहिली फॅक्टरी ज्या जागेवर होती आणि महायुद्धातल्या बाँबफेकीत जिची वाताहत झाली, तिथंच कंपनीनं आपलं मुख्यालय बांधलं. 1956 मध्ये काम सुरू झालं, 1960 मध्ये उद्घाटन झालं. उंची 127 मीटर. वास्तुरचना जिओ पाँती आणि त्यांच्या सहकाऱ्यांची; हाडं पिएर लुइजी नेर्वी आणि आर्तुरो दानुस्सो यांची.

आमच्या धंद्यात नेर्वींचं नाव घेताना आपोआप आवाज खाली येतो. घराण्यातल्या मोठ्या गवयाचं नाव घेताना कानाची पाळी धरतात, तसं. काँक्रीट हा तसा गद्य पदार्थ. या माणसानं त्याला लय दिली. पिरेल्लीची इमारत लांबीला सुमारे 70 मीटर आणि रुंदीला मध्यभागीसुद्धा वीस मीटरच्या आत, टोकांना तर निमुळती होत जाते. होडी उभी करून ठेवावी तशी. इतकी पातळ आणि इतकी उंच गोष्ट वाऱ्यात उभी ठेवायची तर काय करायचं? टोकांना दोन-दोन पोकळ त्रिकोणी भिंती, आणि मध्ये भिंतीएवढे रुंद असे खांब. हे खांब तळाशी 2 मीटर जाड आहेत आणि वर जाता जाता अर्ध्या मीटरवर येतात. झाड जसं वर बारीक होतं तसं. वर भार कमी, मग जाडी कशाला? कागदावर ही अगदी साधी गोष्ट आहे, पण मुंबईत मी आजवर पाहिलेल्या निम्म्या इमारतींत तळापासून गच्चीपर्यंत एकाच मापाचा कॉलम असतो, कारण सेंटरिंगवाल्याकडे एकच साचा असतो.

त्या काळात संगणक नव्हते, म्हणून बेर्गामोच्या प्रयोगशाळेत या इमारतीचं 1:15 मापाचं काँक्रीटचं प्रतिरूप बांधलं गेलं. पंधरावा हिस्सा म्हटलं तरी जवळपास तीन मजली घर झालं. त्याला ढकललं, हलवलं, मोजलं, आणि मग खरी इमारत बांधली. हे वाचल्यावर मला आमच्या एका बिल्डरची आठवण झाली. मॉडेल म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे सेल्स ऑफिसमधलं, हिरव्या स्पंजच्या झाडांचं आणि आतून दिवे लागणारं मॉडेल यायचं.

पाँतींचा एक हट्ट होता. इमारतीचा आकार पूर्ण असला पाहिजे, म्हणजे असा की त्यावर आणखी एक मजला चढवताच येऊ नये. एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याच्या हिशेबाच्या, देशातून आलेल्या बाईला हे वाक्य ऐकून चौकातच हसू फुटलं.

आणखी एक गोष्ट भाचीनं सांगितली, ती मला फार आवडली. मिलानमध्ये जुना संकेत होता की दुओमोच्या शिखरावर जी सोनेरी मादोन्निना, म्हणजे मेरीची मूर्ती, उभी आहे, तिच्याहून उंच काही बांधायचं नाही. ती साधारण 108 मीटरवर. पिरेल्ली तिच्याहून उंच झाली. मग मनाची समजूत म्हणून मादोन्निनाची छोटी प्रतिकृती टॉवरच्या छपरावर बसवली. म्हणजे सगळ्यात उंच तीच. आपल्याकडे ग्रामदेवतेच्या कळसापेक्षा उंच माडी बांधायची नाही असं गावोगाव म्हणायचे. पुढे सगळ्यांनीच बांधल्या, पण देवीला वर नेऊन बसवायची युक्ती कुणाला सुचली नाही.

1978 मध्ये ही इमारत लोंबार्दी प्रांताच्या सरकारनं घेतली. टायरच्या मुख्यालयात फायली आल्या.

18 एप्रिल 2002. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास एका इंजिनाचं छोटं विमान या इमारतीच्या सव्विसाव्या मजल्यात घुसलं. वैमानिक एकटाच होता. स्वित्झर्लंडच्या हद्दीतून निघालेलं विमान मिलानच्या लिनाते विमानतळावर उतरणार होतं आणि त्याच्या चाकांचं काहीतरी बिघडलं होतं. तो गेला, आणि त्या मजल्यावर काम करणाऱ्या, सरकारच्या कायदा विभागातल्या दोन वकील बायका गेल्या. अनेक जण जखमी झाले. न्यूयॉर्कचे मनोरे पडून सातच महिने झाले होते. पहिला तासभर साऱ्या जगाला वाटलं की पुन्हा तेच.

ती बातमी मी मुंबईत टीव्हीवर पाहिली होती. पडद्यावर काय दिसलं होतं ते अजून आठवतं: उंच, सडपातळ इमारत, वरच्या भागात आडवी फाटलेली, आणि त्या फाटलेल्या पट्टीतून बाहेर उडालेले कागद. आमच्या ऑफिसात सगळे "अतिरेकी, अतिरेकी" म्हणत होते. मी, लाज वाटते सांगायला, खांब दिसतात का ते बघत होते.

खांब शाबूत होते. विमान लहान होतं हे खरं, पण नेर्वी-दानुस्सोंची हाडंही जबर. मार बसला तो तक्तपोशीला. स्फोटाच्या दाबानं मजल्याचे स्लॅब वाकले, बीम दुखावले, काचेचा दर्शनी पडदा दोन्ही बाजूंनी फाटला. मधल्या खांबांमधलं अंतर 24 मीटर आहे. एवढ्या लांबीचा मजला एकदा खाली आला की काय करायचं?

इथं मला माझ्या धंद्याविषयी थोडं खरं बोलायला हवं. वाकलेला स्लॅब दिसला की आमचा हात आपोआप एका उत्तराकडे जातो: तोडा, नवा घाला. ते स्वस्त असतं, त्याची हमी देता येते, कंत्राटदाराला ते जमतं आणि रात्री झोप लागते. वाकलेला स्लॅब वाचवायचा म्हणजे प्रत्येक गोष्टीची जबाबदारी आपल्या सहीवर. मिलानच्या लोकांनी दुसरा रस्ता घेतला. मजले तोडून फेकले नाहीत. जॅक लावून हळूहळू मूळ पातळीकडे उचलले आणि मग कार्बन फायबर वगैरे वापरून त्यांना बळ दिलं.

'हळूहळू' हा शब्द वाचायला सोपा आहे. एकदाच मी असं काम केलं आहे, आणि तेही एका बीमपुरतं. परळची जुनी इमारत, खाली छापखाना, वर बिऱ्हाडं. बीम लवला होता. खाली लोखंडी प्रॉप, प्रॉपवर जॅक, जॅकवर सागाचा ठोकळा, कारण लोखंड थेट काँक्रीटला भिडलं तर कोपरा उडतो. बीमच्या पोटाला हालचाल मोजणारा डायल गेज. तड्यांवर आम्ही काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या होत्या; तडा केसभर जरी हलला तरी काच तडकते, मग ओरडायची गरज नाही. सकाळी जॅकचा दांडा पाव फेरा फिरवला. गेजचा काटा हलला नाही. आणखी पाव. काटा थरथरला. थांबलो. चहा घेतला. दुपारी पुन्हा पाव. इमारत कुरकुरते, अक्षरशः, जुन्या खाटेवर कुणी कूस बदलल्यासारखा आवाज येतो, आणि वरच्या बिऱ्हाडातल्या आजी दारात येऊन विचारतात, "काय गं, पडतंय का?" तीन दिवसांत आम्ही तो बीम 4 मिलिमीटर उचलला. चार. एवढ्यात वरच्या खोलीचं कित्येक वर्षं अडकणारं दार बंद व्हायला लागलं. आजींनी आम्हाला दडप्या पोह्यांचं ताट खाली पाठवलं.

एका बीमला तीन दिवस. 24 मीटरच्या मजल्याचं काय झालं असेल, ते दिवस कुणी कसे काढले असतील, याचा मी चौकात उभी राहून विचार करत होते.

आणि हे झालं हाडांचं. कातडीची गोष्ट याहून गमतीची आहे.

पिरेल्लीचा दर्शनी भाग म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि काच, आणि जिथं काच नाही तिथं बारीक सिरॅमिकच्या तुकड्यांचं मोझॅक. चाळीस वर्षांत चौकटी मळल्या होत्या, झिजल्या होत्या, मोझॅक जागोजागी सुटलं होतं. विमानानं जो भाग फाडला तो फाडलाच, पण बाकीचाही म्हातारा झाला होता. अशा वेळी कुणीही शहाणा माणूस म्हणेल, सगळा पडदा उतरवा, नवा लावा. दिसायला तसाच असला की झालं. त्यांनी पडदा उतरवला, हे खरं. पण उतरवलेल्या चौकटी भंगारात घातल्या नाहीत. साफ केल्या, ॲल्युमिनियमवर पुन्हा ॲनोडायझिंग केलं आणि त्याच चौकटी परत लावल्या. सुटलेलं मोझॅक शक्य तिथं जागच्या जागी पक्कं केलं. या कामाला इटालियन लोक 'रेस्ताउरो' म्हणतात. लिओनार्दोच्या 'लास्ट सपर'वर याच शहरात वीस वर्षांहून जास्त काळ जे काम चाललं होतं, त्यालाही हाच शब्द. भित्तिचित्राला आणि टायर कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या खिडकीला एकच शब्द! मला हा शब्द कळला तेव्हा मी भाचीला विचारलं, की मग आपण करतो त्याला काय म्हणतात? ती म्हणाली, "रिस्त्रुत्तुराझिओने. ते घरातलं बाथरूम बदलतात ना, ते."

याच्या अगदी उलट उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे आणि तेही मी पाहिलं आहे, पावसात, दहा मिनिटं. पार्क ॲव्हेन्यूवरचं लीव्हर हाउस, 1952 सालचं, साबणवाल्या लीव्हर कंपनीचं. हिरवट निळ्या काचेचा पातळ ठोकळा, धुतल्यासारखा. साबणाच्या कंपनीनं काचेची इमारत बांधली आणि ती धुण्यासाठी छपरावरून पाळणा सोडला, याहून चांगली जाहिरात कोणती? पण पोलादी चौकटींना वरून स्टेनलेस स्टीलचं कवच होतं, त्यात पाणी शिरलं, आतलं पोलाद गंजलं. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो. मुंबईच्या छज्ज्यांचे पोपडे ज्या कारणानं पडतात, त्याच कारणानं पार्क ॲव्हेन्यूवरच्या काचा फुटायला लागल्या. सुखावले मी हे वाचून. गंज गरीब-श्रीमंत बघत नाही. शेवटी 2001 पर्यंत तो अख्खा काचेचा पडदा काढून, आत ॲल्युमिनियम वापरून, हुबेहूब तसाच दिसणारा नवा लावला. आज तिथं उभं राहून आपण जे बघतो ते 1952 सालचं रूप आहे, पण वस्तू जवळपास सगळी नवी. ती इमारत 1982 मध्येच संरक्षित वारसा म्हणून नोंदली गेली होती. न्यूयॉर्कच्या कायद्यात त्यासाठी इमारतीचं वय किमान 30 वर्षं असावं लागतं आणि लीव्हर हाउसला तेव्हा नेमकी तीस झाली होती.

तीस. आपल्याकडे तिशीला ऑडिटची नोटीस येते. तिथं तिशीला वारसा म्हणून नाव घालता येतं. दोन्ही नियमांमागे चांगलीच कारणं आहेत, मला माहीत आहे, माझं घर पहिल्या नियमावर चालतं. तरी पण.

लीव्हर हाउसचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चौकट आतून सडली होती, ती ठेवून कुणाचं भलं झालं असतं? मिलानमध्ये ॲल्युमिनियम होतं, ते ठेवण्यासारखं होतं, ठेवलं. पण माझं मन कुठं ओढ घेतं हे मला कळतं. मिलानच्या त्या चौकटी मी स्टेशनच्या बाजूनं मोबाइलचा कॅमेरा ताणून ताणून बघितल्या. ऊन तिरपं होतं. सगळ्या चौकटी अगदी एकसारख्या चकाकत नव्हत्या, किंवा मला तरी तसं वाटलं. नव्या पडद्यात असं होत नाही.

मुंबईत या सगळ्याच्या जवळ जाणारी एक इमारत आहे, नरिमन पॉइंटची एअर इंडिया. 1974 सालची, 23 मजली, वर तो धनुर्धारी सेंटॉर. आम्ही गिरगावकर. बाबा रविवारी संध्याकाळी आम्हा भावंडांना चौपाटीवरून चालत चालत मरीन ड्राइव्हच्या टोकापर्यंत नेत, आणि त्या चिन्हाखाली उभे राहून भेळ खायची हा आमचा परदेश प्रवास. 12 मार्च 1993 ला तिच्या तळाशी बाँब फुटला. त्या दुपारी मी फोर्टमध्येच होते. काचा पडण्याचा आवाज आधी आला की स्फोटाचा, हे अजूनही मला नीट सांगता येत नाही. इमारत उभी राहिली. आणि आता राज्य सरकारनं ती 1,601 कोटींना घेतली आहे. कंपनीचं मुख्यालय, मग सरकारी कचेरी. एकीला वरून मार, दुसरीला खालून. मुंबईत 1995 पासून वारसा जपण्याची नियमावली आहे, देशातली पहिली, श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब, तीन अशी. त्या नियमांमुळे आपले गॉथिक कमानी आणि आर्ट डेकोचे गोल सज्जे वाचले. पण पन्नास वर्षांच्या काँक्रीटच्या टॉवरला वारसा म्हणायला आपली जीभ अजून वळत नाही. काँक्रीट जुनं झालं की आपल्याला ते जुनं वाटत नाही, नुसतं घाण वाटतं.

आता ती गोष्ट, जी मी टाळत आले.

फोर्टमधली एक ऑफिसांची इमारत. 1930 च्या दशकातली, लिफ्टला जाळीचं सरकतं दार, जिन्याला काळ्या-पांढऱ्या मोझॅकच्या पट्ट्या. वकील, शिपिंग एजंट, एक टायपिंग इन्स्टिट्यूट जिथं आता झेरॉक्स चालायचं. मालकांना रिपोर्ट हवा होता. मी चार दिवस फिरले. हातोडी बऱ्याच ठिकाणी माठासारखी वाजली. कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढले, तपासले, आकडे खाली आले. मी सी-1 लिहिलं. आकडे बरोबर होते, सही बरोबर होती, कुणी बोट दाखवणार नाही. पावसाळा तोंडावर होता आणि आत दोनशे माणसं रोज चढत-उतरत होती. आजही त्या आकड्यांवर मी तेच लिहीन, असं म्हणते आणि मग मला आठवतं की चौथ्या दिवशी दुपारी मी मागच्या बाजूचे सहा कॉलम न बघताच निघाले होते. ऊन होतं, मागच्या गल्लीत डबर पडलं होतं, आणि माझा निष्कर्ष तोवर ठरला होता.

इमारत पाडली. वर्षभरानं त्या बाजूला गेले तर पत्र्याचं कुंपण आणि आत पाण्याचं डबकं. त्या इमारतीच्या कोअरपैकी एक न फोडलेला मी टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवला होता. हाताच्या मुठीएवढा काँक्रीटचा दंडगोल, त्यात नदीतले गोल गोटे दिसतात. आजच्या खडीसारखे फोडलेले नाहीत.

पिरेल्लीचं काम दोन वर्षांत झालं. ज्या तारखेला ती फाटली, बरोबर त्याच तारखेला, 18 एप्रिल 2004 ला, ती पुन्हा उघडली. सगळे मजले कामाला लागले. सव्विसाव्यावर मात्र पुन्हा टेबलं मांडली नाहीत. तो मजला त्या दोघींच्या स्मरणासाठी मोकळा ठेवला आहे. सरकारचा मोठा कारभार पुढे शेजारच्या नव्या, आणखी उंच टॉवरमध्ये गेला. तिथंही मादोन्निनाची प्रतिकृती वर चढवली म्हणे. जुन्यात आता प्रांताचं विधिमंडळ बसतं. मी गेले त्या दिवशी वर जाण्याची सोय नव्हती. दरवाज्यावरच्या माणसाला भाचीनं बराच वेळ काहीतरी समजावलं, "इंजेन्येरे" हा शब्द तीनदा आला, त्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि मान नकारार्थी हलवली.

मग आम्ही पुन्हा चौकात आलो. मला बाहेरून तरी सव्विसावा ओळखायचा होता. कुठं रंग वेगळा, कुठं सांधा जाड, काहीतरी खूण असेलच. दुरुस्ती लपत नाही, असं मी एकतीस वर्षं माझ्या हाताखालच्या मुलांना शिकवते. मी तळापासून मोजलं, सव्वीस आले. भाचीनं वरून उलटं मोजलं, तिचा सव्वीस माझ्या सव्वीसच्या दोन मजले वर आला. तळमजला धरायचा की नाही यावर आम्ही भांडलो. तिसऱ्यांदा मोजताना एक ट्राम मध्ये आली. मान अवघडली. शेवटी ती म्हणाली, "मावशी, भूक लागलीय," आणि आम्ही निघालो.

परवा ऑफिसात नवीन मुलगा टेबल पुसत होता. पुसू नकोस म्हटलं तरी पुसतो, कोल्हापूरचा आहे, घरचं वळण. त्याच्या हातून तो कोअर खाली पडला आणि फरशीवर मधोमध फुटला. तो इतका घाबरला की त्याला काय करावं सुचेना. मग इंजिनिअरला सुचतं तेच त्याला सुचलं. कपाटातली बाटली काढून त्यानं ताज्या फुटलेल्या दोन्ही तोंडांवर फवारा मारला.

कड्यांना काही झालं नाही. आतला भाग गर्द गुलाबी झाला.

"मॅडम, हे तर चांगलं आहे," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की एका कोअरनं काही ठरत नाही, कोअर घेताना माणूस आपोआप बरी जागा निवडतो, मिठाची तपासणी वेगळी असते, सळईचा गंज असा दिसत नाही. तो मान डोलावत वहीत लिहून घेत होता. मग त्यानं विचारलं, "याची नोंद कुठल्या साइटखाली करू?" आणि मी त्याला जुन्या फायलींचं कपाट उघडायला सांगितलं.